शिनाखबाईची दाढी

“सोड! लुंगी सोड म्हंते ना! डाग असला तर मत दे, नसला तर वाट धर!”

आमच्या गावच्या शाळेत, सातवीच्या वर्गात मतदान चाललेलं. आणि एक पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई बाकावर उभी राहून एका सहा फुटी गड्याला भर केंद्रात लुंगी सोडायला फर्मावत होती. बोटाला शाई लावणारा कारकून बाटलीसकट टेबलाखाली गेला. बंदोबस्ताचा पोलीस दाराबाहेर जाऊन आभाळात काहीतरी शोधू लागला. केंद्राध्यक्ष म्हणून आलेले गुरुजी असलं काम आयुष्यात पहिल्यांदाच करत असावेत. त्यांनी आधी नियमांचं पुस्तक उघडलं, त्यात लुंगीसंबंधी काही सापडेना तेव्हा ते मिटलं आणि हात जोडले.

“बाई, हे मतदान केंद्र आहे हो!”

“म्हणून तर म्हंते, सायेब! ह्यो म्हंतो, मी नारायण सोपान. नारायण सोपानाला मी ह्या हातानं भाईर काढलाय. पायाळू व्हता. दोन दिस आईचा जीव टांगला त्यानं. उजव्या कुल्ल्यावर जांभळाएवढा डाग है. ह्यानं तो दावावा, मी सोता ह्याला पेटीपोतर पोचवते.”

गड्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडं बघितलं. मोठा सुंदर नकाशा होता तो. आता लपवण्यात अर्थ नाही, ह्या गड्याला कन्नडहून मीच आणला होता, मटणाच्या जेवणावर. खरा नारायण सोपान त्या वेळी नाशिककडं द्राक्षाच्या पेट्या उचलत होता आणि त्याचं मत वाया जाऊ नये एवढाच माझा शुद्ध हेतू होता. त्या काळी मत टाकायला यादीतलं एक नाव आणि ते सांगायला एक तोंड, एवढ्यावर भागायचं. गड्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि दोन्ही हातांनी लुंगी धरून जो पळाला तो कन्नड ओलांडून, घाट उतरून, थेट चाळीसगावच्या स्टेशनात थांबला म्हणतात. मटण आम्हीच खाल्लं.

बाई बाकावरून उतरली आणि माझ्याच शेजारी बसली. ती त्यांची पोलिंग एजंट, मी आमचा, आणि बाक एकच. तिनं फडकं सोडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. “घे. लई घाम आलाय तुला.”

ही शिनाखबाई. खरं नाव ठकूबाई. शिनाख्त म्हणजे ओळख पटवणं, हा निजामाच्या कचेरीतला शब्द. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या पटवाऱ्यानं, जो निजाम जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी कागदावर मनातल्या मनात उर्दूच लिहायचा, तिला पहिल्यांदा ‘शिनाख्तबाई’ म्हटलं. गावाच्या तोंडात घासून घासून त्याची शिनाखबाई झाली. ती गावची सुईण. चार-पाच वाड्यावस्त्या धरून हजारभर पोरं तिच्या हातावर जन्मली असतील. मी पाच हजार सांगतो, पण तुम्ही हजार धरा. प्रत्येकाचा डाग, तीळ, चट्टा, बेंबीचा आकार तिच्या डोक्यात. गावात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवरा ताठ्यात आला की ही रस्त्यातून जाता जाता एवढंच म्हणायची, “सांगू का रे तुझा तीळ?” की तो नवरा पुढचे आठ दिवस भाजी निवडायचा.

घर मेंढरावाल्यांचं. दिवाळी झाली की घोंगड्या, भांडी घेऊन घरची माणसं कळपामागं बाहेर पडायची ती पावसाच्या तोंडावर परत. सुईणपण तिनं मेंढ्यांपासूनच उचललं. “मेंढी बोलत नाय, बाई बोंबलती. फरक तेवढाच,” असं ती खुशाल बाळंतिणीच्या सासूला सांगायची. तिच्याकडं ओळखण्याची विद्या होती ती आधी मेंढरांची. दोनशे मेंढरं बघणाऱ्याला दोनशे सारखी दिसतात; तिला प्रत्येकीचं तोंड वेगळं. पण तरीही घरातल्या प्रत्येक मेंढराच्या कानाला ठरावीक कातर मारलेली असायची. मी एकदा विचारलं, “तुला तर सगळी तोंडं ठाऊक, मग कान कशाला कापते गरिबाचे?” तर म्हणाली, “मला ठावं हैत रे. पर मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं, का मी मेले, तर मपलं ठावं असणं कोणाच्या कामाचं?” तेव्हा मी ह्या बोलण्याला हसून सोडून दिलं. पुढं हेच बोलणं अख्ख्या गावाच्या डोक्यावर बसलं.

मतदानाचं तिला एवढं वेड का, ह्याची एक गोष्ट आहे. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन आमच्या गावात आली. पहिल्या इलेक्शनची यादी लिहायला माणूस दारात आला तेव्हा ही चुलीपाशी. बाईनं परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं म्हणजे तेव्हा जिभेवर निखारा ठेवण्यासारखं. सासूनं आतूनच सांगून टाकलं, “लिवा, बिरूची बायको.” त्यानं तसं लिहिलं. पण वरच्या कचेरीतून हुकूम निघाला, की अमक्याची बायको, तमक्याची आई, असली नावं बाद. हिला काय ठाऊक! मतदानाच्या दिवशी ही कळपावरून नऊ कोस चालत आली, कडेवर पोर. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. दारातून तिला त्या रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या पेट्या दिसल्या, आणि तेवढ्यात कारकून म्हणाला, “बाई, बिरूची बायको नावाचं माणूस सरकारला ठाऊक नाही.” नऊ कोस परत.

पुढच्या खेपेला यादीवाला गावाच्या शिवेवर असतानाच हिनं गल्लीच्या तोंडाला उभं राहून बोंब ठोकली, “ठकूबाई! लिव! ठकूबाई!” तो बिचारा दरोडा पडला समजून परत फिरला म्हणतात. पण नाव लागलं. ‘ठकूबाई भ्र. बिरू.’ भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. आमच्या मराठवाड्यात कागदावरच्या बाईमागं हे अक्षर लागतंच. ती म्हणायची, “भ्रताराचं काय घेऊन बसला? म्होरं मपलं नाव है ना?” तेव्हापासून तिनं एकही मत चुकवलं नव्हतं. ग्रामपंचायत असो की दिल्ली. ताप असो की बाळंतीण अडलेली असो. “पयलं गेलं तेवढं गेलं. आता मरस्तोवर एक बी जाऊ देत नाय,” हे ती दर इलेक्शनला, पहिली भाकरी मोडताना, मला सांगायची. जसं काही मीच पहिलं चोरलं होतं.

तिच्या चंचीत, पान-सुपारीच्या खणाखाली, दोन रुपयांची एक नोट असायची. एजंटानं मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये भरायचे. आक्षेप खरा निघाला तर परत, खोटा निघाला तर सरकारजमा. तीच एक नोट वीस वर्षं टेबलावर गेली आणि वीस वर्षं परत चंचीत आली. पिवळीधमक, तंबाखूच्या वासाची. एकदा आमच्या बाजूनं जुळ्यांचा डाव टाकला. थोरला सैन्यात, जम्मूला. धाकट्यानं सकाळी स्वतःचं मत टाकलं, बोटाची शाई कशीबशी खरवडली आणि दुपारी थोरल्याचं टाकायला आला. आईसुद्धा ज्या दोघांना हाक मारताना अडखळायची, त्यांच्यात कोण काय ओळखणार? शिनाखबाईनं नोट टेबलावर ठेवली. “सदरा वर कर. थोरल्याची नाळ मी नव्या ब्लेडनं कापली. धाकटा यायच्या टायमाला ब्लेड गावलं नाय म्हणून इळ्यानं कापली. थोरल्याची बेंबी आत है, धाकट्याची भाईर.” सदरा वर झाला. बेंबी बाहेर होती. केंद्राध्यक्षांनी अहवालात काय लिहिलं असेल ह्याचा मी आजही विचार करतो.

मग फोटोच्या कार्डाची बातमी आली. प्रत्येक मतदाराचा फोटो काढणार, कार्ड देणार, आणि पुढं कार्ड असेल तरच मत. तात्याच्या हॉटेलात महिनाभर दुसरा विषय नव्हता. मला वाटलं, शिनाखबाई पेटून उठणार; तिचीच तर सद्दी संपत होती. पण ती हॉटेलच्या ओट्यावर टेकून म्हणाली, “लई बेस झालं. मी काय जलमभर पुरणार है का? गावाच्या कानाला कातर पडली बरी.”

मी विरोधात उभा राहिलो. आता माझा धंदा बसणार होता हे खरं. पण भाषण मी असं केलं, की तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चहा उतू गेला. “गरिबानं कार्ड कुठं ठेवायचं? कुडाच्या घरात उंदीर खातो, पावसात भिजतं, बाई माहेरी जाते, कार्ड सासरी राहतं. आणि ठकूआत्या, तुझी माणसं फोटोच्या दिवशी कळपामागं दहा कोसावर! त्यांचं मत गेलं म्हणून समज. गावात ज्याला सगळे ओळखतात त्यानं कागद दाखवून सिद्ध करायचं, की मी मीच आहे? माणसाची किंमत कागदाहून कमी झाली का?”

“मंग फोटोवाल्याला कळपावर धाडा की,” ती म्हणाली. “आन तू कव्हापासून गरिबाचा झालास रे? तुला कार्ड नगं, कारण तुझा लुंगीवाला त्याच्यावर मावत नाय.”

हॉटेल हसलं. मीही हसलो. पण आज सांगतो, त्या दिवशी माझी भाषा लबाडाची होती आणि मुद्दा खरा होता. तिचाही खरा होता. दोन खरे मुद्दे एका बाकावर बसून एकमेकांना भाकरी देत होते, एवढंच.

फोटोवाले शाळेत आले. स्टूल, मागं निळा पडदा, यादी घेऊन नाव पुकारणारा एक जण आणि कॅमेऱ्यात तोंड खुपसलेला दुसरा. शिनाखबाई नवं लुगडं नेसून, कुंकू रेखून, सकाळपासून रांगेत. तिच्या पुढं दोन माणसं राहिली असतील आणि एक माणूस बोंबलत आवारात शिरला. बायको अडली होती. शिनाखबाई रांगेतून निघाली. मागच्या बायांनी सांगितलं, “आत्या, फोटो काढून जा, दोन मिंटं!” ती म्हणाली, “त्या लेकराला कोण सांगंल दोन मिंटं?” आणि पदर खोचून पळाली. इकडं पुकारणाऱ्यानं “ठकूबाई बिरू” म्हणून पुकारा केला. रांगेत तिच्या मागं चाँदभाई पंक्चरवाला होता. त्याचे पाय दुखत होते, स्टूल रिकामं दिसलं, तो बसला. कॅमेरावाल्यानं तोंड बाहेर काढायची तसदी न घेता खटका दाबला. मग चाँदभाईचं नाव पुकारलं, तेव्हा त्याचा परत एक काढला. चाँदभाईला वाटलं, पहिल्यात डोळे मिटले असतील.

तो बोंबलत आलेला माणूस मी. तिसरी मुलगी माझी, त्या दिवशीची.

चार महिन्यांनी कार्डांचा गठ्ठा आला. मी तेव्हा ग्रामपंचायतीचा मेंबर, दर सोमवारी खुलताबादला तहसिलात माझी खेप. वाटायचं काम माझ्याकडंच. गठ्ठा सोडला आणि वरून तिसरंच कार्ड: ठकूबाई भ्र. बिरू, स्त्री, आणि फोटोत चाँदभाई, छातीपर्यंत मेंदी लावलेली दाढी, चेहऱ्यावर पाय दुखत असल्याचा भाव. मी एवढा हसलो की गठ्ठा सांडला. कार्ड घेऊन तडक तात्याच्या हॉटेलात. गाव लोटलं. कन्नडची एसटी थांबली, तर ड्रायव्हर-कंडक्टर उतरून बघून गेले. चाँदभाई स्वतः आला आणि म्हणाला, “अरे, फोटू तो अच्छा निकला मेरा!” कुणीतरी शिनाखबाईला आरोळी दिली, “आत्या, दाढी कव्हा वाढवली?”

तिनं कार्ड हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं. तीही हसली. मग माझ्याकडं देत म्हणाली, “सोमवारी जाशील ना खुलताबादला? बदलून आण.”

“आणतो की!”

पुढच्या सोमवारी म्हणाली, “आणलं का रं?” मी म्हणालो, “आत्या, साहेब म्हणाले, आधी न्हावी बघा.” हॉटेल हसलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही तिनं विचारलं. मी आणखी एक विनोद केला. तो कोणता होता हे मला आठवत नाही. नंतर तिनं विचारायचं सोडलं, कारण एकदा ‘आणतो’ म्हटलेल्या माणसाला चौथ्यांदा विचारायची तिची रीत नव्हती. आणि कार्ड हॉटेलात हातोहाती फिरत फिरत कुठं गेलं, ते मलाही कळलं नाही.

मग कार्डाची सक्ती झाल्यावरचं इलेक्शन आलं. ओळख पटवायला आता कार्ड होतं, म्हणून तिच्या पार्टीनं बाकावर तिच्याऐवजी एक शिकलेला, शर्ट खोचलेला माणूस बसवला. तिच्या डोळ्यांतही मोतीबिंदूचा सारा पडला होता. माझ्याशेजारी बसून तो माणूस दिवसभर वर्तमानपत्र वाचत होता. भाकरी त्यानं एकट्यानंच खाल्ली.

दुपारी ती आली. तेच नवं लुगडं, आता जुनं झालेलं. केंद्राध्यक्ष म्हणून गंगापूरच्या एका शाळेतल्या मॅडम होत्या, तरुण, घामाघूम, कामाला चोख.

“आजी, ओळखपत्र?”

“कार्डावर दाढी निघाली व्हती, बाई. ह्याच्याकडं दिलंय बदलाया,” असं म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं.

केंद्रातले सगळे माझ्याकडं बघू लागले. मी भिंतीकडं बघितलं. शाळेनं नकाशा काढून तिथं वेळापत्रक लावलं होतं.

“मॅडम,” मी उठलो, “मी ओळखतो हिला. लिहून देतो. आणि मी विरुद्ध पार्टीचा एजंट आहे. मी सांगतोय म्हणजे किती खरं असेल बघा!”

“तुमच्या ओळखीवर चाललं असतं तर ही कार्डं कशाला काढली असती?” मॅडम म्हणाल्या. माझा सगळा इतिहास जणू त्यांना कुणी वाचून दाखवला होता.

रांगेत गलका झाला. “ओ मॅडम, मला हिनंच काढलंय!” “मला बी!” “मपल्या दोन्ही लेकी हिच्याच हातच्या!” चाँदभाई तर रांग मोडून दारात आला. “मेरे कू भी इसीच ने निकाला, म्याडम! और इसके कार्ड पे जो फोटू है ना, वो भी मेरा च है!”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे? ह्यांच्या कार्डावर तुमचा फोटो आहे?”

चाँदभाईच्या लक्षात आलं, पण वाक्य सुटून गेलं होतं.

मग मी पेटलो. टेबलावर हात आपटला. हा कसला कायदा, हे गाव जिनं उभं केलं त्या बाईला तुम्ही कागद विचारता, मी कलेक्टरपर्यंत जाईन, औरंगाबाद बंद करीन, असं काय काय. बंदोबस्ताच्या पोलिसानं माझ्या दंडाला धरलं. तेवढ्यात शिनाखबाई म्हणाली, “गप बस. वरडू नगं. बाई नियमानं चाललीया.” आणि मॅडमना म्हणाली, “तुपलं बरोबर है. मी बी असंच धरायची. पाचपोतर हाये मी हितं पायरीवर.”

मी बाक सोडून पळालो. राजदूत फटफटी काढली आणि तात्याचं हॉटेल अक्षरशः उलटं केलं. गल्ल्याखाली बघितलं, पत्र्यावर बघितलं, खारीच्या डब्यांत हात घातला. शेवटी कोपऱ्यातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली तात्यानं घडीसारखं काहीतरी सरकवलेलं दिसलं. तेच. चहानं पिवळं पडलेलं, एक कोपरा गेलेला. नाव पुसट झालं होतं. दाढी तेवढी शाबूत.

पाचला दहा कमी असताना पोचलो. ती पायरीवर बसलेली, मत टाकून बाहेर येणाऱ्याकडं डोळे बारीक करून बघत पुटपुटत होती, “ह्यो सोपानाचा... ही त्याची धाकली सून...” कुणी तिला कामावर ठेवलं नव्हतं, तरी तिची शिनाख्त चालूच.

मॅडमनी कार्ड बघितलं. तिला बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, “आजी, रेशनकार्ड?”

“लेकाकडं है, वाळूजला. तो कंपनीत है.”

“बँकेचं पासबुक? जमिनीचा कागद?”

“जमीन कुठली, बाई. मेंढरं हैत.”

चालणाऱ्या कागदांची यादी भिंतीवर लावली होती. मॅडम उठल्या आणि त्या यादीवरून बोट फिरवत वरून खाली गेल्या, परत खालून वर आल्या. पाच वाजले. रांगेतला शेवटचा माणूस संपला. पेटीला लाख लावायला त्यांनी उगाचच उशीर केला, काडी तीनदा विझू दिली. तिच्या घरून काही कागद निघाला नाही. मग लाख लागली.

तिचा उमेदवार त्या वेळी हजारांनी पडला. एका मतानं काही झालं नसतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

पुढच्याच सोमवारी मी तिला राजदूतवर मागं बसवून खुलताबादला नेलं. चढावर तिनं माझा सदरा असा धरला की दोन बटणं गेली. तहसिलात फोटोवाला म्हणाला, “आजी, जरा हसा.” ती म्हणाली, “वळखायला काढतो का लगनाला?” कार्ड यायला सात महिने लागले. कार्ड आलं तेव्हा ती नव्हती. कळपावर दुसऱ्या लेकाला भेटायला गेली होती, तिथंच, फार न रेंगाळता गेली. कार्डावरचा फोटो अगदी हुबेहूब आहे. डोळे बारीक केलेले, कॅमेऱ्यामागच्या माणसाचा तीळ शोधत असल्यासारखे. ते मी अजून कुणाला दिलेलं नाही. माझ्या तिसऱ्या मुलीला पहिलं मत टाकायचं होतं त्या सकाळी तिचं स्वतःचं कार्ड मी चार वेळा तपासलं. फोटो, नाव, बापाचं नाव. ती वैतागली.

पण तिचं मत हुकलं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. मतपेट्यांची गाडी गेली, धुरळा बसला, आणि मी ते दाढीचं कार्ड खिशात घेऊन तिच्या दारात गेलो. ती ओट्यावर सुपात तूर निवडत होती. मी उभ्यानंच भाषण सुरू केलं. माझं चुकलं म्हणालो. मग लगेच सरकारचं चुकलं म्हणालो. हॉटेलात केलेलं सगळं भाषण परत केलं, उंदीर, पाऊस, माहेर, कळप, माणसाची किंमत; ह्या खेपेला मनापासून. आणि शेवटी, रडकुंडीला येऊन, विचारलं, “आत्या, आता तरी सांग. मी म्हणत होतो तेच खरं निघालं ना? कार्ड नकोच होतं ना?”

तिनं तुरीतला खडा उचलून बाजूला टाकला.

“कार्ड बरोबर व्हतं. फोटो चुकला व्हता. तू हसत बसलास.”